एल्सीचं बोट

बुरोस गावातल्या आमच्या फोटो स्टुडिओतून गुनवोरच्या नजरेखालून गेल्याशिवाय एकही फोटो बाहेर पडत नाही. ती स्वतः फोटो काढत नाही. फोटोग्राफर आठशे फोटो आणून टाकतो. त्यातले चाळीस निवडायचे, कोणता कोणी साफ करायचा, रंग कोणी जुळवायचे, गिऱ्हाइकाचा होकार आला का, हे सगळं ती बघते. सव्वीस वर्षं ती हेच करतेय आणि आम्ही तिच्या नावाने खडे फोडतोय.

पंधरा दिवसांत आपोआप जाईल ते पुसायचं, म्हणजे पुटकुळी, कोटावरचा धागा. जन्मभर राहणार असेल तर त्या माणसाला विचारायचं. मूळ फोटो कधीच उडवायचा नाही. आणि तीनची कॉफी झाल्यावर ताज्या डोळ्यांनी पुन्हा पाहिल्याशिवाय काहीही छापायला जाणार नाही, मग गिऱ्हाईक दारात पाय आपटत उभं असलं तरी. ही तिची शिस्त.

मार्चमध्ये बंद पडलेल्या कापड गिरणीतल्या बारा विणकरणींचे फोटो आले. ते वाचनालयात लावायचे होते. साफ करायला ते हाम्पुसकडे गेले. त्याचा जन्म गेलाय कपड्यांच्या कॅटलॉगातल्या बायकांचे हातपाय गुळगुळीत करण्यात. एल्सीच्या उजव्या हाताची तर्जनी त्याला अर्धीच दिसली. त्याने ती पूर्ण करून टाकली, नखासकट.

कॉफीनंतर गुनवोर संगणकाच्या पडद्यासमोर बसली.

"हाम्पुस, हे बोट कुठून आणलंस?"

"डाव्या हाताचं उलटं करून लावलं. कळतंय का?"

"कळत नाही, हाच तर घोळ आहे. ते बोट मागात गेलंय, शहाण्या! फोटोसोबतच्या टिपणात लिहिलंय. वाचता येतं ना?"

"मला वाटलं, सावलीमुळे तसं दिसतंय."

नेमकी तेव्हाच एल्सी आपला फोटो पसंत करायला आली. वय एकोणऐंशी. त्याच साडेचार बोटांत कॉफीचा कप धरून ती पडद्याजवळ आली.

"अगं बाई! हा माझा हात?"

गुनवोर ओशाळली. "चूक झाली, एल्सी. आत्ता काढते."

"राहू दे ना."

"पण ते तुझं नाही."

"सोळा वर्षं माझंच होतं की!"

माणसाला विचारायचं, हा नियम तिचाच. तिने होकाराच्या रकान्यात खूण केली. मला त्या दिवशी ते फार आवडलं होतं. नंतर माझीच मला लाज वाटली.

शनिवारी प्रदर्शन उघडलं. किती सुंदर हात, असं लोक फोटोसमोर म्हणत होते. बाजूलाच एल्सी उभी होती, उजवा हात कोटाच्या खिशात. तिच्या शेजारच्या मागावर काम केलेली मायलिस मोठ्याने म्हणाली, "काय गं, नवीन बोट कुठल्या दुकानातून आणलंस?" सगळ्या जणी खो खो हसल्या. एल्सीही हसली, पण हात बाहेर काढला नाही. कॉफी तिने डाव्या हाताने घेतली आणि निम्मी बशीत सांडली. वेलदोड्याचा पाव तर घेतलाच नाही, कारण दुसरा हात मोकळा नव्हता.

गुनवोर लांबून हे सगळं बघत होती. शेवटी एल्सीच तिच्याजवळ आली.

"गुनवोर, त्रेसष्ट वर्षांत मी हा हात कधी लपवला नव्हता गं. माझा जुना फोटो फेकलास का?"

"मी काही फेकत नाही. सगळे वैतागतात त्यापायी."

"मग तो लाव."

मंगळवारी मूळ फोटोची प्रत घेऊन हाम्पुस स्वतः वाचनालयात गेला. तिथे एल्सी वाट बघत होती. त्याने मान खाली घालून फोटो भिंतीवर लावला आणि सरळ आहे का, असं विचारलं. ती म्हणाली, सरळ आहे. मग तिने खिशातून उजवा हात काढला आणि हात मिळवायला त्याच्यापुढे केला.