मधल्या खोलीची हवा

पिंप्राळ्यातला अभिमन पाटील सतरा वर्षं एसी दुरुस्त करत होता. फिल्टर पंधरा दिवसांनी धुवा, रोज सकाळी अर्धा तास खिडक्या उघड्या टाका, कुबट वास आला की अंगावर काढू नका, हे तो प्रत्येक घरात सांगायचा. गिऱ्हाईक हो म्हणायचं आणि विसरायचं.

बायको दिपमाला घरी ब्लाउज शिवायची. जळगावच्या उन्हाळ्यात मधल्या खोलीत कूलर लावावा, तर पाण्याचे तुषार उडून गिऱ्हाइकाच्या सॅटिनवर डाग पडत. म्हणून मेहरूणच्या एका बंगल्यातून निघालेला जुना एसी अभिमनने घरी आणला आणि एका रविवारी बसवून टाकला. गारवा बाहेर जाऊ नये म्हणून खोलीची एकुलती खिडकी थर्माकोल कापून बंद केली, कडेनं चिकटपट्टी मारली. दिपमालाने गार हवेखाली दोन मिनिटं डोळे मिटून घेतले. त्याला स्वतःचा फार अभिमान वाटला.

पाणी बाहेर नेणाऱ्या पाइपला उतार कमी पडला होता. थोडं पाणी कपाटामागच्या भिंतीत मुरायचं. त्याला ते दिसलं होतं. पण सीझन सुरू झाला होता, सकाळी सातपासून फोन वाजायचे. सीझन संपल्यावर बघू, असं तो म्हणाला. सीझन संपला, मग फ्रिजची कामं आली, आणि ते राहूनच गेलं.

पावसाळ्यात दिपमालाला खोकला लागला. कापडाची बारीक धूळ घशात जात असेल, असं दोघांनाही वाटलं. गल्लीतल्या डॉक्टरांनी ॲलर्जी म्हणून गोळ्या दिल्या, मग तोंडाने ओढायचा पंप दिला. थंडीत एसी बंद असायचा, खिडकी मात्र तशीच बंद राहिली. जिन्याच्या पाच पायऱ्या चढून तिला दम लागू लागला.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती साक्रीकडे माहेरी गेली. दहा दिवसांनी परत आली ती चेहऱ्यावर तेज घेऊन. चौथ्या दिवशी पुन्हा छाती भरली.

ती म्हणाली, "तठे माले दम लागत नई. आठे लागस."

"तठे काम नई ना तुले," तो हसून म्हणाला आणि पिशवी उचलून निघाला.

पुढे वर्षभर हे असंच चाललं. शेवटी मेहुण्याने आग्रह धरला आणि धुळ्याला छातीच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी स्कॅन काढला, फिल्म उजेडासमोर धरली आणि विचारलं, "घरात कबुतरं वगैरे आहेत?"

"नाही."

"कुठे ओल? बुरशी?"

अभिमनने फिल्मवरची नजर काढून दिपमालाकडे पाहिलं.

"एसी आहे?"

"आहे. मीच बसवलाय. माझा तोच धंदा आहे."

डॉक्टरांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. मग सावकाश सांगितलं, की बुरशीचे बारीक कण वर्षानुवर्षं श्वासातून जात राहिले, तर काही जणांची फुप्फुसं सुजतात, आणि पुढे आतून घट्ट होत जातात. वेळेवर ती हवा बदलली असती, तर सूज बहुतेक उतरली असती. आता जे घट्ट झालं, ते परत मऊ होणार नाही.

घरी आल्यावर त्याने एसी उघडला. आतल्या पंख्याच्या पात्यांवर काळा, बुळबुळीत थर होता. कपाट सरकवलं, तर भिंत गुडघ्यापर्यंत काळी. खोलीला वास होता. तो वास त्याने शेकडो घरांत दारातूनच ओळखला होता. स्वतःच्या घरात दोन वर्षं त्याच वासात जेवला होता. त्याने थर्माकोल ओरबाडून काढला. बाहेरचं ऊन आत आलं. दिपमाला दारात उभी राहून बघत होती.

एसी गेला, भिंत खरवडून झाली, औषधं सुरू झाली. तरी दिपमालाचं वजन उतरतच गेलं. आता पुढच्या खोलीत ऑक्सिजनचं मशीन दिवसरात्र घरघरत असतं. बोललं की तिला धाप लागते, म्हणून ती बोलतच नाही. पाणी हवं तर तांब्याकडे बोट दाखवते. शिवायला दिलेली कापडं बायका एकेक करून परत घेऊन गेल्या. अभिमन कामाला जातो, कारण गेल्याशिवाय भागत नाही. दुसऱ्यांचे एसी उघडताना त्याचे हात थांबतात, आणि गिऱ्हाईक विचारतं, काय झालं भाऊ.

एका दुपारी, गरम लू वाहत असताना, तो तिच्या खाटेशी बसला. कितीतरी महिने न बोललेलं वाक्य तो शेवटी बोलला.

"हे मन्हामुळे व्हयनं."

तिने डोळे उघडले. नळीतून दोन-तीन श्वास घेतले.

"माले म्हाईत शे," ती म्हणाली.

ती आणखी काही बोलेल म्हणून तो थांबला. तिने कूस बदलायला हात पुढे केला. त्याने तिला भिंतीकडे वळवलं आणि पाठीमागे उशी लावली.