एकाच वाफ्यातली रोपं
अंगणात हिरडा वाळत घातला की त्या तुरट वासासरशी मला माझ्या जुळ्या बहिणीचं पुस्तक आठवतं. आम्ही तान्ह्या असतानाच राजुरीच्या मास्तरीण मावशीनं तिला दत्तक नेलं आणि मी घाटघरलाच राहिले. एका सुट्टीत ती आमच्या ओट्यावर बसून फडाफडा इंग्रजी वाचू लागली, तशी मी जळफळले आणि तिचं पुस्तक हिरड्याच्या पोत्यात खुपसलं. आईला ते सापडलं. "डोकं दोघींचं सारखंच हाय गं," ती म्हणाली, "एकाच वाफ्यातली रोपं तुमी, रान येगळं मिळालं." मी विचारलं, "मग मला का न्हाई दिलं?" "मावशीनं दोघींनाबी मांडीवर घेतलं व्हतं. तुझी बहीण झोपली, तू रडलीस." परवा माझ्या लेकीला शिकायला त्याच बहिणीकडे सोडून आले. निघताना लेक जराही रडली नाही, आणि मला तिचाही हेवा वाटला.