काकूंच्या निधनाच्या चार ओळी

मी आयर्लंडमधल्या स्लायगोला मास्टर्स करायला आले आणि नंतर इथेच, घराण्यांचा इतिहास शोधून देणाऱ्या एका छोट्या ऑफिसात नोकरीला लागले. कॅनडा-अमेरिकेतून लोक विचारतात, आमचे पूर्वज इथल्या कुठल्या गावचे? उत्तर बऱ्याचदा तिकडच्या जुन्या वर्तमानपत्रांतल्या मृत्युलेखांत सापडतं. सुरुवातीला जाऊन वसलेला माणूस गेला की त्याच्यावर मोठा मजकूर यायचा. त्याने जंगल तोडलं, गिरणी उभारली. घोड्याचंही नाव असतं. ते जंगल आधी कुणाचं होतं, हे नसतं. आणि बायकोबद्दल एकच ओळ, की पत्नी आधीच निवर्तल्या. ती कुठली, कुणाची मुलगी, काही नाही. तिच्या बाजूचा शोध तिथेच संपतो. मी ईमेलने तसं कळवते, दातओठ खात. फोनवर बोलणं मला जमत नाही.

या वर्षी इथल्या आमच्या काकू गेल्या. नात्याच्या नव्हेत. या गावात राहायला आलेल्या पहिल्या मराठी बायकांपैकी त्या एक. काका डॉक्टर. काकूंनी मसाल्यांचं दुकान काढलं, एकटीने चालवलं. इथल्या हॉस्पिटलात भारतातून नव्या आलेल्या प्रत्येक नर्सला खोली त्यांनीच शोधून दिली, आणि मलाही. शनिवारी मी दुकानात मदतीला असायचे. साताऱ्याहून बहिणीचा फोन आला की काकू तो स्पीकरवर टाकून डाळी भरत बसायच्या. बहीण त्यांना वेगळ्याच नावाने हाक मारायची. ते त्यांचं लग्नाआधीचं नाव.

"तुझं इंग्लिश चांगलं आहे," काका मला म्हणाले, "पेपरसाठी चार ओळी लिहून दे."

इथल्या मृत्युसूचनेत बाईचं माहेरचं आडनाव देतातच. मी ते दिलं, आणि आमच्याकडे नावही बदलतात म्हणून जुनं नाव, गाव आणि दुकानही लिहिलं. त्यांच्या स्वयंपाकघरात, काका आणि त्यांच्या मुलासमोर लॅपटॉप ठेवला.

काकांनी चष्मा लावला. "हे नाव कशाला? हे तर मी बदललं."

"त्यांचं होतं ना, काका."

"लग्नात बदललं! तांदळात नवीन नाव लिहिलं मी. त्यानंतर या नावाने कुणी हाक मारली तिला?"

"बहीण मारायची. दर शनिवारी."

"ती बहीण वेडी आहे." त्यांनी एक ओळ पुसली. "आणि दुकान काढून टाक. डॉक्टरच्या बायकोने मिरच्या विकल्या, हे पेपरात कशाला?"

मला कुणाशी वाद घालता येत नाही. कॉन्व्हेंटमध्येही मी बाईंना चूक दाखवायची असली तर वहीत पेन्सिलने लिहून ठेवायचे. पण तेव्हा माझे कान तापले. ज्या मिरच्यांवर या माणसाच्या मुलाचं कॉलेज झालं, त्यांची त्याला लाज वाटत होती. आणि उद्या या मुलाच्या नातीने आमच्यासारख्या ऑफिसात विचारलं, तर तिला डॉक्टर सापडणार, घोड्यासकट. या लेखात मी कुणाचंच नाव देत नाहीये, काकांचंही नाही. निदान इथे तरी दोघांना सारखा न्याय.

"मग तुम्हीच लिहा, काका," मी म्हणाले. "मी नुसत्या नवऱ्याने दिलेल्या नावाची सूचना लिहिणार नाही."

"बघा! चार इयत्ता इंग्रजी शिकल्या की..."

"डॅड, स्टॉप," मुलगा म्हणाला. तो इथेच वाढलेला, मराठी कळतं, पण बोलतो इथल्या इंग्रजीत. त्याने लॅपटॉप स्वतःकडे ओढला. "दॅट वॉज मॅम्ज नेम?"

त्याला माहीतच नव्हतं. एवढा मोठा झाला, तिच्या हातचं जेवला, आणि आईचं नाव त्याला आज, ती गेल्यावर, माझ्या मसुद्यातून कळत होतं. त्याने ते दोनदा वाचलं, ओठ हलवत, चुकीच्या उच्चाराने.

"इट्स गोइंग इन," तो म्हणाला. "द शॉप ॲज वेल." पुसलेली ओळ परत आणली आणि बापाकडे न बघता मजकूर पेपरला पाठवून दिला.

काका उठले. "कर काय करायचं ते," म्हणाले आणि मला विचारलं, "चहा घेणार?"

मी नाही म्हटलं. कोट घातला आणि निघाले.