गाळलेला आवाज

माझा दादा शिलाई मशीन दुरुस्त करतो. "माणूस खोटं बोलतो, मशीन नाही," हे त्याचं पालुपद. त्यामुळे आजाराने वहिनीचा आवाज जायला लागला, तेव्हा तो मशीनवरच विसंबला.

संशोधन केंद्रात तिचा आवाज साठवून घेणार होते. तिने बंद खोलीत बसून छापील वाक्यं वाचायची. पुढे बोलता येईनासं झालं की टाइप केलेलं कॉम्प्युटर तिच्या आवाजात बोलणार. दादा शेजारी बसायचा, वहिनीने वाचलं. आवाज गेला, वर्षभरात तीही गेली. कॉम्प्युटर मात्र दादाच्या टेबलावर राहिला.

आमची घरं भिंतीला भिंत लागून. पलीकडून वहिनी ऐकू यायची, "जेवून घ्या. दार लावा." दादाच टाइप करायचा आणि दादाच ऐकायचा. माझ्या अंगावर काटा यायचा.

एकदा त्याने स्वतःचं नाव टाइप केलं. वहिनीने उभ्या जन्मात त्याला नावाने हाक मारली नव्हती. तिचा सगळा संसार ‘अहो’वर चालायचा. रागाचं ‘अहो’ वेगळं, लाडाचं वेगळं, पाहुण्यांसमोर दादाला गप्प बसवायचं आणखी वेगळं. कॉम्प्युटरने त्याचं नाव स्वच्छ उच्चारलं. दादा दचकून उठला. मग त्याने ‘अहो’ टाइप केलं. बातम्या वाचल्यासारखं सपाट आलं.

"ही ती नाही गं," तो मला म्हणाला. त्याला एकदाच खरं ‘अहो’ ऐकायचं होतं. मी त्याला घेऊन केंद्रात गेले.

तिथल्या संशोधक बाईंनी समजावलं, "काका, यंत्र नुसता अंदाज बांधतं. आमच्या वाक्यांत ‘अहो’ नव्हतंच. मधलं बोलणं, खोकला वगैरे आम्ही गाळतो."

"गाळलेलं फेकलंत?" दादाने विचारलं.

फेकलं नव्हतं. बाईंनी ते लावलं. खुर्ची करकरली, वहिनी खोकली, आणि मग थकलेली हाक आली, "अहोऽ, पुरे ना आता. घरी चला. आवाज आहे तोवर तुमच्याशी बोलू दे मला."

पाठोपाठ दादाचा आवाज. "थांब गं, थोडीच राहिलीत. वाच."

पान उलटल्याचा आवाज झाला. वहिनी वाचू लागली, "निळी सायकल भिंतीला टेकून उभी आहे."

त्या दिवसापासून दादा कुणालाच ‘थांब’ म्हणत नाही. हाक मारली की हातातलं काम टाकून उठतो, माझ्या दारात येऊन उभा राहतो. कितीदा तरी मी हाक मारलेलीच नसते.