विहिरीभोवतीचे खडूचे वर्तुळ

सांगलीच्या मिशन बोर्डिंगात मी विज्ञान शिकवायला गेले ती एका वर्षापुरतीच. साताऱ्याला माझे वडील शाळामास्तर होते. आमच्या घरात ख्रिस्ती धर्म तीन पिढ्यांचा, बी.एस्सी.ची पदवी मात्र माझीच पहिली. एम.एस्सी.ला प्रवेश मिळेपर्यंत नोकरी करायची आणि जूनमध्ये निघायचे, असे मी ठरवून आले होते. या आखणीत सातवीतली ती मुलगी कुठेच नव्हती.

ती जतकडची. तिच्या गावची शाळा चौथीपर्यंत. बाप वारलेला, आई दुष्काळी कामावर खडी फोडणारी, आणि चुलत्याने स्थळ पाहून ठेवलेले. बोर्डिंगातली जागा होती तोवर लग्न लांबत होते. जागा गेली की लग्न. पहिल्याच आठवड्यात तिने हे मला पाठ म्हणून दाखवावे तसे सांगितले होते.

परदेशातून नाताळात पुस्तकांची पेटी येई. पुस्तके इंग्रजी, त्यामुळे ती सहसा कुणी उघडत नसे. त्यांतले एक मी दुपारच्या सुट्टीत मुलींना मराठीतून सांगू लागले. तळ्याकाठी राहणारी म्हातारी जादूगारीण, तिच्याकडे शिकायला आलेली पोरकी मुलगी, आणि आटलेले झरे शब्दांनी परत वाहते करणारी विद्या. मिशनच्या मिससाहेबांना ते पुस्तक फार प्रिय होते. चांगल्या जादूच्या आडून मुलांना देवाचीच गोष्ट कळते, असे त्या म्हणत. माझे मत याहून कोरडे होते. कल्पना करणे हा बुद्धीचा व्यायाम आहे आणि या मुलींना तो कुणी देत नाही, एवढेच मला दिसत होते.

जतच्या मुलीने त्या गोष्टीतले झरेच तेवढे उचलले. मार्च लागताच बोर्डिंगची विहीर तळाला गेली. एका दुपारी तिने माझ्या वर्गातला खडू घेऊन विहिरीभोवती वर्तुळ काढले, चार लहान मुलींना त्यात उभे केले आणि गोष्टीतले निरर्थक शब्द त्यांच्याकडून मोठ्याने म्हणवून घेतले. उन्हामुळे त्यांतली एक चक्कर येऊन पडली.

मेट्रन मावशी माझ्या वर्गाच्या दारात येऊन ओरडल्या, "बाई, या भाईर! तुमच्या गोष्टीचा परताप बघा. विहिरीला पाणी न्हाई लागलं, पोरगी मात्र आडवी झाली!"

मी धावले. पडलेली मुलगी तोवर उठून बसली होती. जतची कठड्याला टेकून उभी होती.

"मावशी, अजून दोनदा म्हणायचं राहिलं हुतं," ती म्हणाली.

मला हसू आले. मावशींनी ते पाहिले, आणि पुढे चर्चच्या वडीलमंडळाला तेही सांगितले.

मंडळीचा कारभार पाहणारे पाच वडील आणि पाळकसाहेब शनिवारी प्रार्थनेच्या खोलीत बसले. मुलीला घरी पाठवायचे की नाही, एवढाच विषय. मी चार दिवस तयारी केली होती आणि माझा युक्तिवाद मला निर्दोष वाटत होता. जादू अस्तित्वातच नाही. जे अस्तित्वात नाही त्याच्या गोष्टीने कुणाचे बिघडत नाही. पुरावा म्हणून मी प्रयोगशाळेतून दोन पेले आणले होते. एकात धुण्याच्या सोड्याचे पाणी, दुसऱ्यात साधे पाणी आणि सोड्याने रंग बदलणाऱ्या रसायनाचे चार थेंब. दोन्ही पेले सारखेच नितळ. मी एक दुसऱ्यात ओतला. पाणी क्षणात गडद लाल झाले.

"मांत्रिकाची विद्या ती एवढीच," मी म्हणाले.

 सर्वांत वयस्कर वडील, मिशन इस्पितळातले निवृत्त कंपाउंडर, पेल्याकडे बघत राहिले. मग शांतपणे म्हणाले, "बाई, काना गावच्या लग्नात आपल्या प्रभूनं पाण्याचा द्राक्षारस केला. तिथंबी सोडाच हुता का?"

वडीलमंडळासमोर पाणी लाल करून दाखवण्याची चूक ख्रिस्ती घरात वाढलेल्या पदवीधर मुलीनेच करावी. लहानपणापासून रविवारी ऐकलेली ती गोष्ट चार दिवसांच्या तयारीत मला एकदाही आठवली नव्हती.

"ते वेगळं," मी म्हणाले.

"कसं वेगळं, त्ये सांगा. आमी ऐकतो की."

मला सांगता येईना. तो चमत्कार खरा म्हणावा, तर निसर्गाचे नियम मोडू शकतात हे मान्य होते आणि माझा पेला निरुपयोगी ठरतो. खरा नाही म्हणावे, तर त्या खोलीत माझे आणि मुलीचे दोघींचेही संपते.  सोमवारी चुलत्याला पत्र घालायचे ठरले.

दिवस कलायच्या आत मी कंपाउंडरांच्या घरी गेले. त्यांनी ख्रिस्ती रीतीने "सलाम" केला, खुर्ची दिली.  

"तिला ठेवा," मी म्हणाले. "हवं तर मला काढा."

ते हसले. "तुमी तर जूनात जाणारच हाय. ह्यात तुमचं काय जातंय?"

 मग ते आपणहून बोलू लागले.

"आवं बाई, तुमाला ती गोष्ट हाय. आमच्या घरात त्यो धंदा हुता. माझा बाप म्हसवडाकडं देवऋषी. धाकट्या बहिणीला हगवण लागली, तर तीन दिवस तिच्याभवती राखेचं रिंगण काढत बसला. इस्पितळाकडं न्हेऊ दिलं न्हाई. ती रिंगणातच गेली. म्या बाप्तिस्मा घेतला त्यो त्या रिंगणातनं भाईर यायला. आन् तुमी म्हणताय, जादू न्हाईच. मग ती पोर कशानं मेली?"

"शरीरातलं पाणी संपून," मी म्हणाले. उत्तर अचूक होते. ते उच्चारताना मला माझीच किळस आली.

"असंल," ते म्हणाले. "पर त्या दिवशी विहिरीवर त्यो खडू बघितला आन् माझ्या अंगाला घाम फुटला."

मग त्यांनी मार्ग सांगितला. आमच्या मंडळीत प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस वाटून घेण्याच्या, रविवारी, ज्याच्या हातून उघड पाप झाले असेल त्याने सर्वांपुढे उभे राहून कबुली द्यायची रीत होती, आणि तसा रविवार दुसऱ्याच दिवशी होता. "पोरीनं न्हवं. तुमी. जादू खरी हाय, ती सैतानाची हाय, आन् मी ती लेकरांना हसत हसत शिकवली, असं म्हणा. मग बाकीच्यास्नी मी सांभाळतो. पत्र जात न्हाई."

"पण ते खरं नाही."

"मग पत्र जाईल."

त्या मधल्या तासांत मी दुसरे सगळे मार्ग तपासले. मिससाहेब उन्हाळ्यासाठी कोडाईकॅनॉलला गेल्या होत्या. साताऱ्याला वडिलांना कळवून काही साधणार नव्हते. मुलीला स्वतःजवळ ठेवण्याइतके माझे स्वतःचे असे काही नव्हते.

रविवारी मी डोक्यावर पदर घेऊन उभी राहिले. तिन्ही वाक्ये म्हटली. आवाज कापला नाही. प्रयोगाच्या वहीतले निरीक्षण वाचावे तसा तो स्वच्छ निघाला. तिसऱ्या रांगेतून ती मुलगी माझ्याकडे बघत होती. कंपाउंडरांनी शब्द पाळला. तिची जागा राहिली.

उपासना सुटल्यावर ती माझ्यामागे अंगणात आली. जमिनीखाली पाणी कसे मुरते, खडक ते कसे धरतो, याची आकृती मी महिन्यापूर्वी फळ्यावर काढली होती, तेव्हा तिने एका तासात मला सहा प्रश्न विचारले होते. आता तिने एकच विचारला, तोही हळू आवाजात.

"बाई, म्हंजे आमच्या गावच्या विहिरी सैतानानं आटवल्या का?"

दारात कंपाउंडर सर्वांना सलाम करत उभे होते. मावशी चार पावलांवर होत्या. "नाही" हा शब्द माझ्या तोंडात तयार होता.

"प्रार्थना करत जा," मी म्हणाले.

"व्हय, बाई."

वार्षिक परीक्षेपर्यंत ती माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसत होती. तिने मला पुन्हा काही विचारले नाही.