विमानातली संकष्टी

"सकाळी निघायचं, संध्याकाळी पोचायचं. याच्यात काय तकलीफ हाय, डॉक्टरसाहेब?" कमलकाकूंनी विमानाचं तिकीट माझ्या टेबलावर सरकवलं.

काकू माझ्या हिंगोलीच्या दवाखान्यातल्या जुन्या पेशंट. डायबिटीसच्या. मुलगा न्यूयॉर्कला, सुनेचे दिवस भरत आलेले. पहिलाच विमानप्रवास, तोही एकटीनं. मी गोळ्यांच्या वेळा ठरवत होतो, तेवढ्यात त्या सहज म्हणाल्या, "त्या दिवशी संकष्टी हाय. चंद्र पाहूनच जेवीन."

मी पेन खाली ठेवलं.

तिकिटावर सुटायची वेळ मुंबईची असते आणि पोचायची न्यूयॉर्कची. तिथलं घड्याळ आपल्या बरंच मागे. काकू तिथे संध्याकाळी उतरणार, तेव्हा हिंगोलीत मध्यरात्र उलटलेली असणार. तिथला चंद्र उगवेपर्यंत इकडे दुसरा दिवस उजाडणार. डायबिटीसची गोळी पोटात आणि जेवण नाही, की शुगर घसरते. माणूस घामाघूम होतं, बरळतं, बेशुद्ध पडतं. तेही समुद्रावर, अनोळखी लोकांत. 

"काकू, यावेळी उपवास धरू नका."

"पोरगं पोटात होतं तवापासून धरून राहिले. आता नातवाच्या येळेला मोडू?"

मी कागदावर पृथ्वी काढली, सूर्य काढला. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. व्हय व्हय म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पर चंद्राबिगर घास न्हाई."

मी चिडलोच. "पावसाळ्यात आभाळ भरलेलं असतं, तेव्हा काय रात्रभर उपाशी बसता?"

"काहून बसू? पंचांगात आपल्या गावची येळ असती. त्या येळेला चंद्राच्या दिशेला हात जोडायचे अन् जेवायचं."

मी खुर्चीतून उठायचाच बाकी होतो. "मग विमानातही तेच करा! घड्याळ हिंगोलीचंच ठेवा. दिवसा फराळ चुकवू नका. पंचांगातली वेळ झाली की हात जोडा आणि जेवा. गोळ्याही त्याच घड्याळावर."

"अन् बाहेर ऊन असलं तर?"

"असणारच, विमान सूर्याबरोबरच पळतं. पण चंद्र हिंगोलीत उगवलेला असेल ना?"

काकूंनी थोडा विचार केला. "बराबर हाय."

त्या गेल्या, पण माझं लक्ष कशात लागेना. ऐनवेळी काकूंचं मन फिरलं तर? दवाखान्यातला फोन वाजला की समोरचा पेशंट सोडून मीच उचलायचो. अखेर मुलाचा फोन आला.

"डॉक्टर, आई पोचली. ठणठणीत आहे."

माझा जीव भांड्यात पडला. तो हसत होता. म्हणाला, भर उन्हात आई सीटवर मागे वळली आणि हिंगोलीच्या दिशेला हात जोडले. मागच्या सीटवरच्या गोऱ्या आजोबांनीही उठून तिला नमस्कार केला. मग आईनं दशम्यांची पुरचुंडी सोडली आणि त्यांनाही एक मोडून दिली.

"पण घड्याळ बदलू देत नाहीये. सकाळी उठून म्हणते, दुपार टळली!"

"आता बदला म्हणावं. माझं नाव सांगा."

तेव्हापासून परदेशी निघालेला पेशंट आला की मी तिकीट नंतर बघतो. आधी भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघतो.