विमलवन्स आणि विजेची दुहेरी वाट

कॉइलवर, म्हणजे तारेच्या वेटोळ्यावर, पाल पडेल म्हणून मी त्याच्या लाकडी खोक्यावर स्टीलचं ताट उपडं घातलं. हा शहाणपणा केला तेव्हा मी मॅट्रिक पास, दोन लेकरांची आई आणि तोरा कलेक्टरीणबाईचा... गेल्या महिन्यात माझ्या नणंद, विमलवन्स, गेल्या. फोन ठेवला आणि आधी आठवलं ते ताट.

वन्स परभणीच्या कॉलेजात विजेचा विषय शिकवायच्या. विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद झाला की कॉलेजला टाळं, म्हणून सगळं सामान त्यांनी आमच्या माडीवर आणलं होतं. बोरी गावच्या बाळंतपणाच्या दवाखान्यात लाइट गेली की कंदिलावर टाके घालायचे. वन्सांना असं यंत्र करायचं होतं, की लाइट असताना बॅटऱ्या भरेल आणि गेल्यावर त्याच वाटेनं वीज परत देईल. कॉलेजातले म्हणायचे, दोन वेगळी यंत्रं करा, सोपं पडेल. वन्स म्हणायच्या, तिथं जागा एका कपाटाची, तर यंत्रही एकच.

सगळी मदार कॉइल आणि वीज क्षणभर साठवणाऱ्या कपॅसिटरच्या जोडीवर. झोका नेमक्या क्षणी ढकलला की थोड्या जोरात उंच जातो, तशी ही जोडी वीज झुलवते. जोडी मधल्या ट्रान्सफॉर्मरच्या एकाच बाजूला असली तर जाताना झोका छान, परतताना अडखळतो. म्हणून वन्सांनी दोन्ही बाजूंना एकेक घातली. मला तो निव्वळ उधळेपणा वाटायचा.

बोरीच्या डॉक्टरीणबाई यंत्र बघायला आल्या आणि ताट तसंच राहिलं. खोकं टेबलाखाली, कुणाच्या नजरेस आलं नाही. बटण दाबलं, कॉइलच्या चुंबकी ओढीनं ताट चुलीवर ठेवल्यागत तापलं, झोक्याची लय बिघडली आणि वीज चालू-बंद करणारे, मुंबईहून मागवलेले ट्रान्झिस्टर फटाफट उडाले. राहू द्या, आम्ही जनरेटर बघतो, असं डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. वन्सांनी त्यांच्याकडून तीन महिने मागून घेतले.

मी कोपऱ्यात रडायला बसले, तेही कुणी समजूत घालावी म्हणून जरा मोठ्यानं... वन्स जळकं सामान वेचत स्वतःशीच बोलत होत्या. दवाखान्यात स्टीलचे ट्रे चहूकडं असणार, उघडी कॉइल तिथं चालायची नाही. जोड्या दोन्हीकडं ठेवायच्या, पण कॉइल ट्रान्सफॉर्मरच्याच पोटात घ्यायच्या. मांडणी ठरली ती तिथंच, फरशीवर. त्याच मांडणीचं यंत्र पुढं बोरीत कित्येक वर्षं चाललं.

पण त्या दिवशी मला ते कुठलं ठाऊक? डोळे पुसून म्हटलं, आता मी माडीची पायरी चढणार नाही. वन्सांनी मान वरसुद्धा केली नाही.

"असं कसं? उद्यापासून रोज यायचं. एवढ्या ठसक्यात चुकणारं माणूस आमच्या कॉलेजात न्हाई, वहिनी. तुमी हात लावल्यावर बी जे चालू राहील, तेच मी बोरीला धाडणार हाय."